खंडेनवमीला पेट्या बसल्या

समीक्षाचा मोबाईल पहिल्यांदा वाजला तेव्हा ती कामशेतच्या बाजारात बिस्किटांच्या दुकानात उभी होती आणि पुण्याहून येणाऱ्या मॅडमना खारी चालेल की नानकटाई, या प्रश्नावर गंभीरपणे विचार करत होती. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा तिने दोन्ही बांधायला सांगितली. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिने एकदाचा मोबाईल उघडून पाहिला आणि पुडा काउंटरवर तसाच सोडून ती स्कूटरकडे पळाली.

"ताई, खारी राहिली!" दुकानदार ओरडला.

"बॅटरी गेली!" समीक्षा ओरडली. दुकानदाराला यातून काहीच बोध झाला नाही, पण पैसे आधीच मिळालेले असल्यामुळे त्याने फारसा विचारही केला नाही.

मोबाईलवर ओळीने तीन निरोप होते, दुपारभराचे, गावात रेंज आली तेव्हा सुटलेले. 'पेटी एक उत्तर देत नाही, काम पेटी दोनकडे.' 'पेटी दोन उत्तर देत नाही, काम पेटी तीनकडे.' 'पेटी तीन उत्तर देत नाही, काम पेटी चारकडे.' समीक्षाने स्कूटरला किक मारली तेवढ्यात चौथा आला. 'पेटी चार: मी आहे.'

काल संध्याकाळी चारही पेट्या ठणठणीत होत्या. तिने स्वतः एकेक तपासली होती. आणि आज पाच वाजता, या पेट्यांना पैसा पुरवणाऱ्या प्रतीक्षा मॅडम त्या बघायला येणार होत्या.

या पेट्यांचं प्रकरण असं. आंदर मावळातल्या आंबेखिंडीत मोबाईलची रेंज फक्त टेकडीवरच्या देवळापाशी येते, तीही देवीच्या मनात असलं तर. शहरातले कॅमेरे दिसेल ते चित्र लांबच्या मोठ्या कॉम्प्युटरला पाठवतात, तो विचार करतो आणि काय करायचं ते कळवतो. आंबेखिंडीत असं केलं तर उत्तर येईपर्यंत रानडुक्कर भात खाऊन, पाणी पिऊन, डोंगरापलीकडे पाव्हण्यांकडे गेलेलं असेल. म्हणून समीक्षाच्या कंपनीने शेतातल्या शेतात स्वतःच विचार करणारी पेटी काढली होती. खांबावर पेटी, पेटीला कॅमेऱ्याचा डोळा, इकडेतिकडे वळणारी मान, वर सोलरची प्लेट आणि खाली भोंगा. डुक्कर दिसलं की पेटी कोणाला न विचारता भोंगा वाजवी.

फक्त पेटीचा जीव लहान. बॅटरी तळहाताएवढी, स्मरणशक्ती त्याहून कमी. तेव्हा आजारपणाची सोय करून ठेवलेली होती. दर मिनिटाला प्रत्येक पेटीने शेजारणीला 'मी आहे' असं कळवायचं. तीन वेळा कळवलं नाही तर शेजारणीने समजायचं की ही पडली. मग मान वळवून निम्मा वेळ आपलं शेत राखायचं, निम्मा वेळ तिचं. ताकद कमी पडायला लागली तर एकेक काम सोडत जायचं, आधी फोटो साठवणं, मग दिवा, मग भोंगा. अगदी शेवटी एकच काम उरायचं, 'मी आहे' म्हणणं. समीक्षाचे साहेब विहंग सर या शेवटच्या गोष्टीवर फार खूश होते. "मरेपर्यंत हजेरी लावणारी पेटी आहे आपली," असं ते सगळ्यांना सांगत.

आज प्रतीक्षा मॅडमना पेट्या आवडल्या तर त्या आंबेखिंडीत राहणार होत्या. नाही आवडल्या तर सोमवारी टेम्पो येऊन त्या दुसऱ्या तालुक्यात घेऊन जाणार होता. विहंग सरांच्या दृष्टीने हा धंद्याचा प्रश्न होता. समीक्षाच्या दृष्टीने तो आबांच्या गुडघ्यांचा प्रश्न होता. तिचे वडील, मारुती आबा, उभा जन्म भात तयार झालं की संध्याकाळी शेतातल्या माळ्यावर चढून डबा वाजवत आले होते. तळेगावच्या डॉक्टरने "आता शिडी चढलात तर मला भेटायला येऊ नका, हाडांच्या दवाखान्यात जा," असं सांगितल्यावरही ते चढत होते. पेट्या आल्यापासून पहिल्यांदाच ते संध्याकाळी घरी बसून चहा पीत होते. ते बघण्यासाठी तर समीक्षाने हट्टाने आपलंच गाव सुचवलं होतं. "माझं गाव आहे, सर. काही अडचण येणार नाही," असं तिने छातीठोकपणे सांगितलं होतं. नोकरीसाठी गाव सोडलं की माणूस गावाबद्दल असंच काहीतरी बोलायला लागतो.

स्कूटर धुरळा उडवत आंबेखिंडीत शिरली, ती थेट आबांच्या शेताच्या बांधावर थांबली. समीक्षाने पेटीकडे पाहिलं आणि हेल्मेट न काढताच ती मटकन खाली बसली.

पेटी नंबर एक नवऱ्या मुलासारखी सजली होती. सोलरच्या प्लेटवर झेंडूचा जाडजूड हार होता. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर अंगठ्याएवढं कुंकू होतं. आणि त्या डोळ्यासमोर, वाऱ्यावर झुलत, भाताच्या लोंब्यांची जुडी बांधलेली होती. खाली नारळ फुटला होता.

"आलीस व्हय!" आई, म्हणजे सविताबाई, हातात पूजेचं ताट घेऊन बांधावरून आली. "बघ, कशी दिसती. नांगर, कोयता, पेटी, समद्यांची पूजा झाली."

आज खंडेनवमी होती. कॅलेंडरवर मॅडमची तारीख ठरवताना समीक्षाने फक्त इंग्रजी आकडा पाहिला होता. त्याखालची बारीक अक्षरं पाहायला गावात राहणारी समीक्षा लागते. ऑफिसातली समीक्षा ती पाहत नाही.

"आई, अगं डोळ्यावर कुंकू कशाला लावलं?"

"मंग पाठीला लावू व्हय? तूच म्हनली हुतीस, आपल्या औजारावानी जपा म्हनून."

हे तिने खरोखरच म्हटलेलं होतं.

"आन आज हत्यार उचलायचं न्हाई," आबा घराकडून लंगडत येत म्हणाले. "आज त्यांला आराम. सकाळधरनं लय बोंबलत हुती बिचारी. म्हनलं, पूजेनं आनंद झाला आसंल."

समीक्षाच्या डोळ्यासमोर सगळं चित्र उभं राहिलं. डोळ्यावर कुंकू, म्हणून पेटीला वाटलं रात्र झाली आणि तिने स्वतःचा दिवा लावला. कुंकवाच्या कडेने लोंबी हललेली दिसली, म्हणून तिला वाटलं डुक्कर आलं आणि तिने भोंगा वाजवला. लोंबी काही पळेना, म्हणून ती वाजवतच राहिली. वर हारामुळे ऊन पोचत नव्हतं. पूजेच्या आनंदात पेटी दुपारपर्यंत गतप्राण झाली होती.

"आबा, पाच वाजता मॅडम येणार आहेत!"

"येऊ दे की. पुरनपोळी हाय."

समीक्षा कुंकू पुसत, हार ओरबाडत "दुसरीचं काय झालं? दुसरी का बसली?" असं पुटपुटली आणि बांधाच्या पलीकडे पळाली. पलीकडे पेटी नंबर दोन होती, आणि पेटी नंबर दोन केरबाकाकांच्या शेतात होती.

केरबाकाका म्हणजे आबांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांत आठ-नऊ वर्षांचा अबोला होता. वाटणी झाली तेव्हा जमीन निम्मी झाली, भांडी निम्मी झाली, म्हशीसुद्धा सुदैवाने दोन होत्या. उरला सामाईक माळा. तो माझा, नाही माझा, असं करता करता दोघांनी तो मोडला आणि चार खांबांतले दोन-दोन वाटून घेतले. दोन खांबांवर माळा उभा राहत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, पण न्याय झाला होता; पुढे दोघांनी आणखी दोन-दोन खांब आणून आपापला माळा उभा केला. तेव्हापासून दोघांच्या शेतांत फक्त एक बांध होता आणि त्यावरून इकडचा शब्द तिकडे जात नव्हता.

पेट्यांच्या शेजारणी ठरवताना समीक्षाने फक्त अंतर मोजलं होतं. पेटी एकला सगळ्यात जवळची पेटी दोन, म्हणून एकची जबाबदारी दोनवर. हा हिशेब तळेगावच्या ऑफिसात बसून अगदी बरोबर होता.

पेटी नंबर दोनच्या खांबालाही कुंकू होतं आणि वर हार होता. तो नंबर एकच्या हारापेक्षा वीतभर लांब होता. शिवाय पेटीची मान बैलाच्या दाव्याने खांबाला करकचून बांधलेली होती.

"काका, हे दावं कशाला बांधलं?"

"मंग काय करू?" केरबाकाका उसळून म्हणाले. "माझ्या शेतात हुभी, माझ्या उन्हावर जगती, आन मान कुटं? त्याच्या शेताकडं! तीनदा सरळ केली. हात काढला की पुना तिकडंच. पूजा मी केली, राखन त्याची?"

"काका, आबांची पेटी पडली होती. ही मदत करत होती."

"कुनाला इचारून?"

या प्रश्नाला कंपनीच्या माहितीपत्रकात उत्तर नव्हतं. बांधलेली मान वळवण्यासाठी आतली मोटर दुपारभर जीव काढत राहिली होती आणि तिने बॅटरी पिऊन टाकली होती. समीक्षाने दाव्याची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. तिची नखं तुटली, मग धीर सुटला आणि मग ऑफिसची भाषाही सुटली.

"आवं, पन जरा धीर तरी धरायचा! मी आले आस्ते की!"

"आता कशी मानसात आली," काका समाधानाने म्हणाले आणि त्यांनी एका झटक्यात गाठ सोडून दिली.

तिसरी पेटी ओढ्याच्या बाजूला कस्तुराबाई मावशींच्या शेतात. तिच्याभोवती चार बाया बसल्या होत्या. पेटीवर हिरवा खण घातलेला होता, पुढे पुरणपोळीचा नैवेद्य होता आणि मावशी हात जोडून बसल्या होत्या. नवरात्रात अंगात कुणाच्या खरं आलं आणि कुणाच्या खोटं, याचा निवाडा गावात मावशींच्याच हाती असे.

"हळू ये," मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या. "तिच्या अंगात आलंय."

"कुणाच्या?"

"पेटीच्या. दुपारपासून मान हिकडून तिकडं, तिकडून हिकडं. लाल दिवा डोळ्यावानी फिरतूया. मी म्हनलं, बोल बाई, काय पायजे? तर येकदाच हुंकार दिला आन गप झाली."

समीक्षाने कपाळाला हात लावला. तीन शेतांचं काम एकट्या पेटीवर पडलं होतं. बिचारी तिन्हीकडे मान फिरवत होती, दमत होती, एकेक काम सोडत होती. भोंगा सोडताना शेवटचा अर्धा वाजला असावा.

"मावशी, तिची बॅटरी संपली."

"तेच म्हन्ते मी," मावशी म्हणाल्या. "उपाशी हाय."

आणि गंमत म्हणजे यात चूक काहीच नव्हती.

चौथी पेटी टेकडीवर देवळापाशी. तिथले गुरव, विठ्ठलभाऊ, नवमीच्या गडबडीत असल्यामुळे तिची पूजा राहून गेली होती, म्हणून ती वाचली होती. पण सगळ्या गावाचं ओझं अंगावर आल्यावर तिने नियमाप्रमाणे एकेक करून सगळी कामं सोडली होती. आता ती काही बघत नव्हती, वाजवत नव्हती, मान वळवत नव्हती. ती दर मिनिटाला फक्त 'मी आहे' म्हणत होती आणि ते ऐकून विहंग सरांच्या मोबाईलवर हिरवा दिवा लागत होता. पेट्यांचे निरोप समीक्षाला येत. साहेबांना फक्त दिवा होता.

चार वाजून गेले होते. ऊन डोंगराकडे कलायला लागलं होतं. चार्जर तळेगावच्या ऑफिसात होता. समीक्षाच्या स्कूटरच्या डिकीत एक, एकच, भरलेली बॅटरी होती. ती काढून तिने सगळ्यांना बांधावर गोळा केलं.

"एकच आहे," ती म्हणाली. "एकाच पेटीत बसेल. कुठल्या पेटीत घालायची?"

सगळे एकदम बोलले.

"थोरल्याचा मान पयला," आबा आकाशाकडे बघत म्हणाले.

"समीक्षा, त्याला सांग," केरबाकाका दोन हात लांब उभे राहून म्हणाले, "पयली पेटी त्याची बसली. त्याच्यामुळं माझी बसली. मंग भरपाई कुनाला?"

"समीक्षा, त्याला सांग, माझ्या शेताकडं बघाय मी त्याच्या पेटीला बोलावनं धाडलं नव्हतं."

"समीक्षा, त्याला इचार..."

"तुमी दोघं गप बसा," कस्तुराबाई मावशी मध्ये शिरल्या. "देवीचं काम आधी." आणि त्यांनी सरळ बॅटरीला हात घातला.

आबांनीही घातला. काकांनी का मागे राहावं? समीक्षा "अहो, अहो" करत राहिली, आणि भाताच्या खाचरात पाऊल बुडेल इतका चिखल होता. बॅटरी त्यात पडली तेव्हा फारसा आवाजसुद्धा झाला नाही.

सगळे आत बघत उभे राहिले. समीक्षाला रडू आलं. खरंच आलं, ती पाठ फिरवून उभी राहिली. सोमवारी टेम्पो येणार, पेट्या जाणार, आणि पुढच्या संध्याकाळी आबा एकेक पायरी कण्हत माळ्यावर चढणार, हे तिला अगदी स्पष्ट दिसलं. आणि याला कारणीभूत तीच होती, कारण तिला अंतर मोजता आलं होतं आणि गाव मोजता आलं नव्हतं.

"रडती का?" आबा काकांना विचारल्यासारखं हवेला म्हणाले.

"रडती," काकांनी हवेलाच उत्तर दिलं.

समीक्षाने डोळे पुसले. "पेटीचं काम काय असतं?" ती वळून म्हणाली. "बघायचं, ओरडायचं, आणि शेजाऱ्याला 'मी आहे' म्हणून सांगायचं. तुम्हाला यातलं काय येत नाही?"

"पयलं दोन येत्यात," आबा म्हणाले.

"आज तिसरंही करायचं. आबा एक नंबर, काका दोन, मावशी तीन, विठ्ठलभाऊंना मी निरोप पाठवते. थोड्या थोड्या वेळाने हाक द्यायची, 'मी हाय'. शेजाऱ्याच्या तीन हाका चुकल्या की त्याच्या शेताकडे धावायचं. डुक्कर दिसलं की डबा वाजवायचा."

"मी त्याला हाक मारनार न्हाई," केरबाकाका म्हणाले.

"त्यांना नका मारू. हवेत मारा. ऐकायचं असेल तर ते ऐकतील."

यात कुणाचाच कमीपणा नव्हता. आबा पेटी एकखालच्या दगडावर बसले. भात एवढं उंच होतं की ते दिसेनासे झाले. काका आपल्या बांधावर. मावशींनी डबा आणि उलथनं आणलं. आणि पाचच्या सुमारास, जन्मात पहिल्यांदा, आंबेखिंडीच्या खाचरांतून हाका फिरायला लागल्या.

"मी हायऽऽ!"

"मी हायऽऽ!"

"मी बी हाय गं बायऽऽ!" ही मावशींची.

गाडी आली. विहंग सर पांढरेशुभ्र बूट घालून उतरले. मागून प्रतीक्षा मॅडम उतरल्या, शांत, चष्म्यातून सगळीकडे बघणाऱ्या.

"हे बघा मॅडम," सरांनी मोबाईल पुढे केला. "सगळं हिरवं. इथे रेंज मिळत नाही, पण मघाशी खिंडीत पाहिलं, एकदम हिरवं!"

"मी हायऽऽ!" भातातून आवाज आला.

"हा कसला आवाज?"

"हा... म्हणजे भोंग्याचा मराठी आवाज, बहुतेक नवीन..." सर समीक्षाकडे बघत म्हणाले.

खोटं बोलायलाही थोडी बॅटरी लागते, आणि तिची आता संपली होती.

"मॅडम, पेट्या बंद आहेत," ती म्हणाली. "आज खंडेनवमी आहे. लोकांनी पेट्या पूजल्या, त्या एकापाठोपाठ एक बसल्या. चौथी नुसतंच 'मी आहे' म्हणतेय, म्हणून सरांचा दिवा हिरवा आहे. आता पेट्यांच्या जागी माणसं आहेत. नियम तोच."

विहंग सरांचा चेहरा त्यांच्या बुटांइतका पांढरा झाला. मॅडम पेटी नंबर दोनपाशी गेल्या. खाली पडलेला हार त्यांनी पाहिला, कुंकवाचा डाग पाहिला. मग सगळे अचंब्याने बघत असताना त्यांनी पेटीला नमस्कार केला.

"आमच्या ऑफिसात प्रिंटरला हार घातलाय आज," त्या म्हणाल्या. "पण तो अजून चालतोय." मग चष्मा सारखा करून म्हणाल्या, "नियम तोच आहे म्हणता, तर दाखवा. एक बंद करून दाखवा."

"पेटी?" सरांनी आशेने विचारलं.

"माणूस."

समीक्षा वाकून भातातून आबांपाशी गेली. "आबा, आता गप्प बसायचं. हाक द्यायची नाही. काकांच्या तीन हाका होऊ द्या."

"त्यो येनार न्हाई."

"नाही आले तर पेट्या जातील."

"जाऊ देत की. मी काय, माळ्यावर चढीन," आबा म्हणाले आणि गुडघा चोळत राहिले. 

ती परत वाटेवर येऊन उभी राहिली. सूर्य डोंगराआड गेला होता. केरबाकाका बांधावर उभे होते.

"मी हायऽऽ!" काका ओरडले. उत्तर आलं नाही. काकांनी पचकन थुंकून दुसरीकडे मान वळवली.

"मी हायऽऽ!" उत्तर नाही. काका टाचा उंच करून पलीकडे बघू लागले. "तमाकू चोळत बसलं आसंल," ते स्वतःशीच, पण वाटेपर्यंत ऐकू येईल असं म्हणाले.

तिसरी हाक द्यायला त्यांनी तोंड उघडलं, आणि 'मी हाय' बाहेर आलंच नाही.

"दादाऽऽ?"

भात सळसळलं. कोणी बोललं नाही.

"दादा! आरं ए दादा!" आणि केरबाकाका धावले. बांधावरून नाही, वळसा घालून नाही. स्वतःच्या हाताने लावलेल्या, कापणीला आलेल्या इंद्रायणी भातातून सरळ, लोंब्या तुडवत. शेतकरी पिकल्या भातात पाय टाकत नाही. समीक्षाने तोंडावर हात धरला.

त्याच वेळी काकांच्या मोकळ्या शेताच्या वरच्या अंगाला करवंदीची जाळी हलली आणि एक डुक्कर, मागे दोन पिल्लं, खाली उतरली. विहंग सर आधी ओरडले आणि मग दोन्ही बुटांनिशी खाचरात उतरले, हे दोन्ही त्यांनी ठरवून केलं नव्हतं. पण मावशींनी काकांच्या हाका बंद झाल्याचं मोजलं होतं. पदर खोचून, डब्यावर उलथनं बडवत, डुकरांच्या सात पिढ्या काढत त्या काकांच्या शेतात शिरल्या, आणि डुकरं आल्या वाटेने जाळीत नाहीशी झाली.

"दोनचं काम तीनकडे गेलं," मॅडम हळूच म्हणाल्या. "बरोबर."

पलीकडे काकांनी भात बाजूला सारलं होतं. दगडावर आबा बसले होते, धडधाकट.

"मेला न्हाईस व्हय?" काका धापा टाकत किंचाळले. "मंग गप का बसलास?"

"तू का धावलास?"

"म्हनलं, पडला म्हातारा! जीव गेला माझा! भात तुडवलं किती! तू भरून देनार?"

"मी भरू? आधी वाटनीतल्या मोठ्या पातेल्याचं बोल!"

आणि आठ-नऊ वर्षांचं साठलेलं सगळं दोघांनी उभ्याउभ्या काढायला सुरुवात केली. कोणी त्यांना थांबवलं नाही.

मॅडमनी निघताना सांगितलं की पेट्या राहू द्या, फक्त सणासुदीला हार लांबून घाला. विहंग सर चिखलातला एक बूट शोधत होते, त्यामुळे त्यांना हे नीट ऐकू आलं नाही. समीक्षाने त्यांना ते तीनदा सांगितलं.

घरी परतताना तिने विचारलं, "आबा, तीनच हाका म्हटलं होतं ना? त्यांनी 'दादा' म्हटल्यावर लगेच का नाही बोललात?"

आबा थोडं चालले. "आगं, इतक्या वर्सांनी म्हनला," ते म्हणाले. "आनखी येकदा म्हनतो का, बघत हुतो."

दसरा झाला. पेट्या धुऊन, भरून, नव्या बॅटऱ्यांनिशी परत उभ्या राहिल्या. समीक्षा तळेगावला गेली आणि आता आबा संध्याकाळी घरी चहा पितात, असं तिने ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. नवमीनंतर पेट्यांचे निरोप विहंग सरांनी स्वतःकडे वळवून घेतले होते. आठवडा झाला नाही तोच त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"तुझ्या गावच्या पेट्या रोज संध्याकाळी बसतात. आधी एक, मग दोन. दिवसभर ठणठणीत, दिवेलागणीला खलास. बिघाड काय आहे, जाऊन बघ."

ती गेली. घरी आई एकटी होती आणि चुलीवरचा चहा उकळून आटला होता. "पेट्या बसवल्या की मानूस घरी बसंल म्हनली हुतीस," आई फणकारली. "आता दुपार ढळली की शेतात. बोलावलं तर दोघं मिळून माझ्यावरच डाफरत्यात."

समीक्षा शेतावर पोचली. दोन्ही पेट्यांच्या मधल्या बांधावर आबा आणि काका बसले होते. पातेल्याचा विषय संपून आता कुणाच्या लग्नात कुणाला फेटा बांधला नाही हा चालला होता, आणि दोघांचे हात वाऱ्यावरच्या लोंब्यांपेक्षा जोरात हलत होते. पेटी एक प्रत्येक हातवारा निरखत होती. हा माणूस की डुक्कर, ते ठरवत होती, फोटो साठवत होती, आणि शेवटी डोकं भरून बसत होती. मग नियमाप्रमाणे पेटी दोन मदतीला मान वळवत होती आणि तिलाही तेच दोघं दिसत होते. डुकरांचा मात्र पत्ता नव्हता; एवढ्या कलकलाटात कुठलं डुक्कर येणार?

"आबा, काका, जरा तिकडे सरकून बसता का? पेटीला त्रास होतोय," ती म्हणाली.

"सरकू?" काका म्हणाले. "आन का? बांद कुनाचा हाय?"

समीक्षा दचकली. या प्रश्नावर गावात दोनदा पंच बसले होते.

"आमचा हाय," आबा म्हणाले.

"दोघांचा हाय," काका म्हणाले, आणि दोघं पुन्हा फेट्याकडे वळले.

समीक्षा तशीच टेकडीवर गेली. देवळाच्या पायरीवर रेंज आली तेव्हा तिने फोन लावला.

"सर, बिघाड सापडला."

"काय होता?"

"दोन भाऊ बोलत बसतात."

"बरं, मग दुरुस्त करून टाक ना लगेच."

खालून, दोन खाचरं ओलांडून, भांडणाचा आवाज स्पष्ट येत होता. समीक्षा थोडा वेळ ऐकत राहिली.

"नको, सर," ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी चालू झालंय. हात नको लावायला."